कुत्र्या-मांजरांना गुंगीचे इंजेक्शन देताना

नवी दिल्ली रेल्वे स्थानकाच्या पश्चिमेस पहाडगंजची दाट वस्ती पसरली आहे. उपाहारगृहांच्या खरकट्यावर पोसलेली कुत्री तेथील गल्लोगल्ली आढळतात. केंद्र शासनाच्या २००१ च्या आणि नंतर २०२३ च्या नियमांनी अशा कुत्र्यांचे निर्बीजीकरण करून, रेबीजची लस टोचून त्यांना मूळ जागी सोडण्याची पद्धत घालून दिली. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी, पिसाळलेली व आक्रमक कुत्री वगळून, हीच पद्धत दिल्लीसाठी मान्य केली. परंतु कुत्रे धडधाकट परतावयाचे, तर शस्त्रक्रियेपूर्वीची एक जोखीम ओलांडावी लागते. ती गुंगीच्या इंजेक्शनची होय.

या कामी झायलाझिन व केटामिन ही औषधे जोडीने फार वापरली जातात. दोन्ही १९६२ मध्ये प्रथम तयार झाली. झायलाझिन मेंदूतील उत्तेजक रसायनाचा स्राव रोखते. त्यामुळे प्राणी झोपाळू होतो, स्नायू सैल पडतात, पण हृदयाचे ठोकेही मंदावतात. मांजराला तर बहुधा ओकारी होते. केटामिनने वेदनेची जाणीव बोथट होते. मात्र डोळे उघडेच राहतात, म्हणून बुबुळे सुकू नयेत यासाठी त्यांत मलम घालावे लागते.

मात्रा वजनावर ठरते. चौदा किलोचे कुत्रे नजरेने वीस किलोचे धरले, तर जवळजवळ दीडपट औषध अंगात जाते. एक किलोच्या मांजरपिलाला मिलिलिटरचा विसावा भागही पुरेसा होऊ शकतो! शिवाय झायलाझिनचे घोड्यांसाठीचे द्रावण लहान प्राण्यांच्या द्रावणाहून पाचपट तीव्र असते. म्हणून तराजू हवा, आणि बाटलीवरील आकडा प्रत्येक वेळी वाचावयास हवा.

सर्वांत फसवी चूक मात्र उतावळेपणाची असते. जाळ्यात धरलेले, गाडीतून हिंदकळत आलेले आणि भोवतालच्या भुंकण्याने बिथरलेले कुत्रे पहिल्या सुईने लवंडत नाही. भीतीने रक्तात उसळलेली द्रव्ये औषधाच्या विरुद्ध काम करीत असतात. अशा वेळी लगेच दुसरी सुई टोचली, की थोड्या वेळाने भीती ओसरते आणि दोन्ही मात्रांचा भार एकदम हृदयावर व श्वासावर पडतो. स्नायूत इंजेक्शन दिल्यावर अंधाऱ्या, निःशब्द खोलीत दहा-पंधरा मिनिटे थांबणे हे यासाठीच आवश्यक ठरते. निपचित दिसणारे कुत्रेही मोठ्या आवाजाने दचकून चावू शकते, हे हाताळणाऱ्याने विसरू नये.

गुंगी चढल्यावर जीभ बाहेर ओढून मान सरळ ठेवतात, म्हणजे श्वासमार्ग मोकळा राहतो. आखूड नाकाच्या पग जातीत व पर्शियन मांजरांत तर याची अधिकच गरज असते. हिरड्या गुलाबी आहेत ना, श्वास नियमित आहे ना, हे सतत पाहावे लागते. दिल्लीच्या जानेवारीत लहान शरीर झपाट्याने गार पडते, म्हणून खाली घोंगडी पसरावी. योहिम्बिन किंवा अटिपामेझोल या औषधांनी झायलाझिनचा परिणाम उतरविता येतो. केटामिनला तसा उतारा नाही. म्हणून घाईने उतारा दिल्यास केटामिन एकटेच उरून अंग ताठरते, प्रसंगी आचकेही येतात.

पाय लटपटत असताना कुत्र्याला गल्लीत सोडणे म्हणजे त्याला रिक्षांच्या चाकांखाली लोटणेच होय. ते सरळ चालू लागून पाणी पिईपर्यंत त्याचा मुक्काम पिंजऱ्यातच असावा.