वीतभर उंचीचा गुरू

२१ जून हा दिवस २०१५ पासून आंतरराष्ट्रीय योगदिन म्हणून साजरा होतो, हे आपल्याकडे शाळकरी मुलासही ठाऊक आहे. त्याच दिवशी अमेरिकेत, आणि आता इतरही अनेक देशांत, स्केटबोर्ड चालविणाऱ्यांचा दिवस पाळला जातो, याची वार्ता मात्र आपल्या कानी फारशी पडत नाही. चार चाकांची फळी पायांखाली घेऊन तरुण मुले-मुली त्या दिवशी घोळक्याने रस्त्यांवर उतरतात. या फळीच्या खेळातील एका लहानशा, परंतु शिकावयास अत्यंत चिवट अशा कसबाविषयी आज आम्ही लिहीत आहोत. अग्रलेखाच्या स्तंभात हा पोरखेळ कशाला, असा प्रश्न ज्यांना पडेल त्यांनी शेवटपर्यंत वाचावे आणि मग आपला निवाडा द्यावा.

या कसबाचे नाव ‘स्लॅपी’. रस्ता आणि पदपथ यांच्यामध्ये काँक्रीटची वा दगडाची जी वीतभरही उंच नसलेली कड असते, तिच्यावर फळीसकट चढावयाचे, फळीखालच्या धातूच्या दोन्ही आसांवर, म्हणजे त्यांच्या भाषेत ‘ट्रक’वर, त्या कडेवरून घासत जावयाचे आणि मग सुखरूप खाली उतरावयाचे. या घासत जाण्यास ‘ग्राइंड’ म्हणतात. ग्राइंडचे इतर बहुतेक प्रकार उडी मारून केले जातात. स्लॅपीत उडी नाही. फळी जमीन न सोडता थेट कडेवर जाऊन आदळते आणि त्या आदळण्यातूनच वर चढते. ऐकावयास सोपे, करावयास कठीण, अशातला हा प्रकार आहे.

त्याचा जन्म अडचणीतून झाला. १९७०च्या दशकाच्या आरंभी युरेथेनची चाके आली आणि मातीच्या वा धातूच्या चाकांवर खडखडत चालणारी फळी रस्त्यास धरून धावू लागली. त्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत या खेळासाठी काँक्रीटची खास मैदाने उभी राहिली. परंतु अपघातांच्या विम्याचा खर्च न पेलल्यामुळे त्यांतील बहुतेक थोड्याच वर्षांत बंद पडली. मैदान गेले तेव्हा मुले रस्त्यावर आली. कॅलिफोर्नियात वाहने उभी करण्याच्या मोकळ्या जागांना आणि पदपथांना काँक्रीटच्या कडा होत्याच. त्यांतील काही कडा वाहने थांबवू नयेत म्हणून तांबड्या रंगाने रंगविलेल्या असतात, आणि रंगाच्या थरामुळे त्या गुळगुळीतही असतात. जो रंग वाहनचालकास ‘थांबू नको’ असे बजावतो, तोच या मुलांना ‘ये’ म्हणून खुणावू लागला. जॉन लुसेरो यांचे नाव १९८०च्या दशकाच्या आरंभीच्या या स्लॅपीशी आजही आदराने जोडले जाते. पायाने फळी उडविण्याची ‘ऑली’ ही युक्ती त्याच सुमारास रॉडनी मलन यांनी सपाट जमिनीवर आणली आणि पुढे साऱ्या खेळाचा ओघ तिकडे वळला. स्लॅपी मात्र नाहीशी झाली नाही.

आता तिची अवघड बाजू पाहू. कडेकडे तिरपे यावयाचे. कोन फार पसरट झाला तर चाके कडेला नुसती घासत पुढे जातात. फार उभा झाला तर फळी जागीच अडते आणि स्वार पुढे फेकला जातो. वेग कमी असेल तर चाक चढत नाही. गुडघ्यांत वाकून यावे आणि चाक कडेस भिडण्याच्या नेमक्या क्षणी उठून शरीराचा भार हलका करावा, म्हणजे पुढची चाके कडेवर चढतात. त्याच क्षणी आपले सारे वजन कडेच्या बाजूस, पुढे झोकून द्यावे, म्हणजे मागचा ट्रक मागोमाग येतो. ही सारी क्रिया पापणी लवण्याइतक्या अवधीत व्हावयास हवी. ट्रक थोडे सैल असले आणि कडेवर मेणबत्तीचे मेण चोळलेले असले तर साहाय्य होते. परंतु ते साहाय्यच. खरा अडथळा मनात असतो. समोर दगड आला की माणूस स्वभावतःच मागे झुकतो. मागे झुकला की फळी पुढे निसटते आणि तो पाठीवर आपटतो. ज्या क्षणी मागे सरावेसे वाटते त्याच क्षणी पुढे कलावयाचे, हे शरीरास शिकविण्यास कधी आठवडे लागतात, कधी महिने.

या शिक्षणात गुण नाहीत, शिकवणी नाही, प्रमाणपत्र नाही. कडेपाशी वशिला चालत नाही. श्रीमंताच्या मुलास ती एक बोटभर खाली येत नाही आणि गरिबाच्या मुलास वर जात नाही. चूक झाली की ती तत्क्षणी सांगते, आणि पुन्हा यावयास मनाई करीत नाही. शिवाय या कसबात मोठी उडी नसल्यामुळे तरुणपणी फळी सोडलेले कित्येक प्रौढ गुडघे सांभाळीत पुन्हा कडेकडे वळले आहेत. बाप आणि मुलगा एकाच कडेवर आळीपाळीने पडत आहेत, असे दृश्य आपल्या किती शाळांतून आणि क्रीडांगणांवरून दिसते?

यावर आक्षेप आहेत आणि ते पोकळ नाहीत. धातू घासून कडा काळवंडतात, त्यांचे टवके उडतात. मेण चोळलेल्या जागी एखाद्या वृद्धाचा पाय घसरू शकतो. गोंगाट होतो. पडणाऱ्याचे मनगट मोडते, शिरस्त्राण नसेल तर डोक्यास इजा होते. हे सारे मान्य करूनही प्रश्न उरतो, की यावरचा उपाय कोणता? पुष्कळ शहरांनी कडांवर आणि बाकांवर धातूच्या गुठळ्या ठोकून उपाय झाला असे मानले. फिलाडेल्फिया शहराने २००१ आणि २००२ साली या खेळाच्या मोठ्या स्पर्धांचे यजमानपद मिरविले आणि त्याच शहराने २००२ साली तेथील प्रसिद्ध ‘लव्ह पार्क’ मधून खेळणाऱ्या मुलांना हुसकावून लावले. त्या उद्यानाची मूळ कल्पना ज्यांची, ते नगररचनाकार एडमंड बेकन तेव्हा ९२ वर्षांचे होते. त्यांनी निषेध म्हणून स्वतः फळीवर पाय ठेवून उद्यानात फेरी मारली. लंडनने काहीसे शहाणपण दाखविले. थेम्सच्या काठी ‘साउथबँक’च्या इमारतीखाली अनेक दशके मुले खेळत आली होती. ती जागा घेण्याचा बेत २०१३ साली पुढे आला. लोकांनी नेटाने विरोध केला आणि २०१४ साली जागा मुलांकडेच राहील असा समझोता झाला.

ज्या खेळास अशा रीतीने दारोदार हाकलले गेले, तोच २०२१ साली टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये मानाने दाखल झाला. तेथे रस्त्यावरील प्रकारात महिलांचे सुवर्णपदक जपानच्या मोमिजी निशिया हिने वयाच्या तेराव्या वर्षी मिळविले. ज्या प्रकारात तिने पदक मिळविले, त्यातील कठडे, पायऱ्या आणि कडा रस्त्यावरूनच उचललेल्या आहेत, हे पदके मोजताना विसरू नये.

आपल्या देशातही याचा एक बोलका दाखला आहे. मध्य प्रदेशातील पन्नाजवळच्या जनवार या खेड्यात उलरिके राइनहार्ड या जर्मन बाईंच्या पुढाकाराने २०१५ साली फळीसाठी काँक्रीटचे मैदान झाले. तेथे नियम दोनच: शाळा नाही तर फळी नाही, आणि मुलींचा मान पहिला. जातीपातींनी विभागलेल्या त्या गावातील मुले एकाच उतारावर एकत्र पडू लागली, आणि तेथलीच आशा गोंड २०१८ साली चीनमधील नानजिंगच्या जागतिक स्पर्धेत भारतातर्फे उतरली.

आमचे म्हणणे एवढेच आहे. पडण्यासाठी हक्काची जागा ज्या गावात मुलांना उरत नाही, त्या गावात ती उठण्याचे कसब तरी कोठून शिकणार? आपल्या नगरपालिका उद्यानांवर आणि पदपथांवर दरवर्षी मोठा खर्च करतात, फरश्या बसवितात, त्या उखडतात आणि पुन्हा बसवितात. त्याच खर्चात, वाटसरूंच्या मार्गापासून दूर, दहा-पंधरा मीटर लांबीची एक साधी काँक्रीटची कड आणि तिच्यापुढे थोडी सपाट जमीन राखून ठेवणे कोणत्याही पालिकेस जड नाही. त्यासाठी उद्घाटनाची कोनशिला लागणार नाही. ती जागा मुले आपण होऊन शोधून काढतील. आपण फक्त तिच्यावर गुठळ्या ठोकू नयेत.