दगडाखालचा शेजारी

मृगाचा पाऊस पडून गेला की रात्री बॅटरी घेऊन भोकरदनच्या शिवारात हिंडायचे, ही माझी जुनी खोड. यंदा केळना नदीकडच्या एका बांधावर दगड उलटला, तर खालून दीड इंचाचा काळाभोर भुंगेरा धावत सुटला. सोबतच्या शेतकऱ्याने चप्पल उचलली. ‘थांबा दादा, हा पीक खाणारा नव्हे, किडे खाणारा आहे,’ मी म्हणालो.

ओळख कशी पटवायची? काळे भुंगेरे पुष्कळ. मागच्या पावलाची पेरे मोजावीत. या शिकारी कुळात सहाही पावलांना पाच-पाच पेरे असतात. पालापाचोळा खाणाऱ्या त्याच्या काळ्या सोयऱ्याच्या मागच्या पावलांना चारच. शिवाय याच्या पाठीवर सहा पांढरे ठिपके. अठराव्या शतकात डॅनिश शास्त्रज्ञ फाब्रिसियस याने त्यावरूनच त्याचे नाव ठेवले. शास्त्रीय नाव ‘अँथिया सेक्सगटाटा’, म्हणजे सहा ठिपकेवाला. मात्र हातात घेऊ नये. डिवचला तर आम्लाची पिचकारी मारतो. डोळ्यांना जपावे.

याच कुळातले भाऊबंद हिमालयात वितळत्या बर्फाच्या कडेला, दगडाखालच्या ओलाव्यात राहतात. वाऱ्याने बर्फावर येऊन पडलेले गारठलेले किडे हे त्यांचे जेवण. कीटकशास्त्रज्ञ एम. एस. मणी यांनी उंच पर्वतांवरील कीटकांवर १९६८ साली मोठा ग्रंथ लिहिला. तिथल्या कीटकांचे गडद रंग, आखूड किंवा नाहीसे झालेले पंख यांचा उलगडा त्यांनी केला. जोराच्या वाऱ्यात उडणारा भरकटतो, चालणारा टिकतो.

पण चालणाऱ्याची पळवाटही तोकडी. हवा तापली, बर्फ मागे हटले, की तो शिखराकडे सरकतो. शिखर संपल्यावर कुठे जाणार? दुसऱ्या डोंगराकडे उडून जायला पंख नाहीत.

आमचा ठिपकेवालाही उडत नाही. त्याचे शिखर म्हणजे हा बांध. दरसाल नांगर तो थोडाथोडा कोरतो, यंत्र दगड उचलून नेते, उरलेल्यावर औषधाचा फवारा बसतो.

दादांनी चप्पल खाली ठेवली. मग वाकून तो दगड होता तसा, अलगद ठेवला. ‘एवढा बांध राहू देतो,’ म्हणाले.

त्या रात्री मला तेवढे पुरेसे वाटले.