दुसऱ्याच्या पैशाचा कारभार

गावातील चार गृहस्थांनी मिळून दुकान काढले, तर त्यांच्या कारभारावर देखरेख ठेवण्यास वेगळा माणूस लागत नाही. चौघेही रोज दुकानात येतात. गल्ला कोणी उघडला, उधारी कोणास दिली, हे प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर घडते. परंतु भागीदार चारांचे चार लाख झाले, ते गावोगाव पांगलेले असले आणि दुकान चालविणाऱ्याचे तोंडही त्यांनी कधी पाहिलेले नसले, म्हणजे सारा प्रश्नच पालटतो. पैसा एकाचा आणि हात दुसऱ्याचा, अशी स्थिती येते. आज ज्यास ‘कॉर्पोरेट गव्हर्नन्स’ म्हणतात, आणि ज्यास आम्ही येथे साध्या शब्दांत कंपनीचा कारभार म्हणणार आहोत, तो विषय ह्या एका स्थितीतून उद्भवला आहे.

ही अडचण नवी नाही. दुसऱ्याचा पैसा सांभाळणारा संचालक स्वतःच्या पैशाइतकी त्याची काळजी घेईल अशी अपेक्षा धरू नये, असे अ‍ॅडम स्मिथने १७७६ सालीच लिहून ठेवले होते. आपल्याकडे मॅनेजिंग एजन्सीची पद्धत होती. थोडेसे भाग जवळ बाळगून एखादी पेढी अनेक कंपन्यांचा कारभार हाती ठेवी आणि त्याबद्दल मोबदला घेई. ती पद्धत १९७० साली बंद झाली. पुढे इंग्लंडात काही मोठ्या कंपन्या एकाएकी बुडाल्या, तेव्हा सर एड्रियन कॅडबरी ह्यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने १९९२ साली अहवाल दिला आणि ह्या विषयास आजचे रूप आले.

कोणी म्हणेल, आमच्याजवळ एकही शेअर नाही, मग ही उठाठेव आम्ही का करावी? परंतु कामगाराच्या भविष्यनिर्वाह निधीचा काही अंश २०१५ पासून शेअरबाजारात गुंतविला जातो. विम्याचा हप्ता आणि म्युच्युअल फंडात दरमहा टाकलेले हजार रुपये ह्यांतीलही बराच पैसा शेवटी कंपन्यांतच जातो. तेव्हा आपण जाणून भागीदार झालो नसलो, तरी न कळत झालेलो आहोत.

चांगल्या कारभाराची तत्त्वे मोजकीच आहेत. पहिले, उघडेपणा: खरी स्थिती, विशेषतः वाईट स्थिती, वेळेवर सांगणे. दुसरे, जबाबदारी: निर्णय कोणी घेतला आणि त्याचा जाब कोणी द्यावयाचा, हे ठरलेले असणे. तिसरे, समन्याय: शंभर भागांच्या धन्यास कोटी भागांच्या धन्याप्रमाणेच वागविणे. आणि चौथे, स्वातंत्र्य: जाब विचारणारा हा जाब देणाऱ्याचा मिंधा नसणे. आमच्या मते पहिली तिन्ही तत्त्वे ह्या चौथ्यावर उभी आहेत. चौथे ढासळले की बाकीची तिन्ही कागदावर सुखरूप राहतात आणि कारभार मात्र रसातळास जातो. ह्याचे धडधडीत उदाहरण म्हणजे हैदराबादची सत्यम कॉम्प्युटर्स ही कंपनी.

सत्यममध्ये ५० हजारांहून अधिक माणसे कामास होती. तिच्या संचालक मंडळावर बाहेरच्या नामांकित विद्वानांचे बहुमत होते. हिशेब तपासणारी पेढी जगप्रसिद्ध होती. २००८ साली तर उत्तम कारभाराबद्दल तिला एक पारितोषिकही मिळाले. त्याच वर्षी १६ डिसेंबर रोजी मंडळाने असे ठरविले की, मेटास नावाच्या दोन कंपन्या सुमारे १६० कोटी डॉलर देऊन विकत घ्याव्या. ह्या कंपन्या बांधकाम व जमिनीच्या धंद्यातल्या होत्या आणि अध्यक्ष रामलिंग राजू ह्यांच्या कुटुंबाच्या होत्या. ‘सत्यम’ची इंग्रजी अक्षरे उलटी वाचली की ‘मेटास’ होते! संगणकाच्या कंपनीने भागधारकांचा कौल न घेता आपल्या अध्यक्षांच्या घरच्या कंपन्या विकत घ्यावयाच्या, असा तो बेत होता. मोठ्या गुंतवणूकदारांनी त्याच रात्री असा गिल्ला केला की काही तासांतच तो रद्द करावा लागला.

तीन आठवड्यांनी, ७ जानेवारी २००९ रोजी, राजू ह्यांनी स्वतःच पत्र लिहून खरी हकीकत सांगितली. हिशेबाच्या वह्यांत रोख व बँकेतील शिल्लक म्हणून ५,३६१ कोटी रुपये दाखविले होते. त्यांपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. सप्टेंबर २००८ च्या तिमाहीत धंद्यातील नफा ६४९ कोटी म्हणून जाहीर केला होता. खरा नफा होता ६१ कोटी. मेटासचा बेत म्हणजे खोट्या मालमत्तेच्या जागी खरी आणून बसविण्याचा अखेरचा प्रयत्न होता. त्या एका दिवसात शेअरचा भाव १७९ रुपयांवरून ४० रुपयांवर आला. ज्यांनी मुलीच्या लग्नासाठी किंवा म्हातारपणासाठी ते शेअर राखून ठेवले असतील, त्यांनी ह्यात कोणता अपराध केला होता?

येथे नीट पाहिले पाहिजे ते हे की, नियम मोडले गेले ते नियम नव्हते म्हणून नव्हे. मंडळ होते, बाहेरचे संचालक होते, तपासनीस होते, समित्या होत्या. पण बँकेत पैसा आहे की नाही, हे कंपनीने पुढे केलेल्या कागदावरून ठरवावयाचे नसते. ते परस्पर बँकेस विचारावयाचे असते. आणि अध्यक्षांच्या घरचा सौदा समोर आला, तर अध्यक्षांचा मान राखण्यापेक्षा भागधारकाचे हित राखणे हे संचालकाचे काम असते. कुंपण होते, ते ज्यापासून शेत राखावयाचे त्यानेच घातले होते, इतकेच.

ह्यातच आपल्या देशातील प्रश्नाचे मर्म आहे. अमेरिकेत किंवा इंग्लंडात पुष्कळ कंपन्यांना एक असा मोठा धनी नसतो. तेथे भांडण पगारी व्यवस्थापक आणि विखुरलेले मालक ह्यांच्यात असते. आपल्याकडे बहुधा एखादे कुटुंब कंपनीचे प्रवर्तक असते आणि निम्मे भाग त्याच्या हाती असतात. म्हणून येथील भांडण थोरला भागीदार आणि धाकटा भागीदार ह्यांच्यातले आहे. स्वतंत्र संचालक धाकट्याच्या वतीने बसावयाचा. परंतु त्यास निवडणारी सर्वसाधारण सभा थोरल्याच्या मतांवर चालते.

सत्यमनंतर सरकारने जुने मंडळ दूर सारून नवे नेमले, आणि २००९ च्या एप्रिलमध्ये आपल्या पुण्याशी निकट संबंध असलेल्या टेक महिंद्रने ती कंपनी हाती घेतली. नोकऱ्या पुष्कळशा वाचल्या. एप्रिल २०१५ मध्ये हैदराबादच्या विशेष न्यायालयाने राजू व इतर नऊ जणांस दोषी ठरविले. दरम्यान २०१३ चा कंपनी कायदा आला. नोंदलेल्या कंपन्यांत किमान एक-तृतीयांश संचालक स्वतंत्र असावेत. एकाच पेढीने दहा वर्षांपलीकडे सलग हिशेब तपासू नयेत. फसविल्या गेलेल्या भागधारकांस एकत्र येऊन दाद मागता यावी, अशा तरतुदी त्याने केल्या. प्रवर्तकांच्या नातलगांशी होणारा मोठा सौदा आज भागधारकांपुढे ठेवावा लागतो, आणि त्यात ज्यांचा संबंध असेल त्यांस तो मंजूर करण्यासाठी मत देता येत नाही. २०२२ पासून सेबीने नोंदलेल्या कंपन्यांतील स्वतंत्र संचालकाच्या नेमणुकीस साध्या बहुमताऐवजी विशेष ठरावाची, म्हणजे पडलेल्या मतांपैकी तीन-चतुर्थांशांची, अट घातली आहे. सुधारणा निःसंशय मोठी आहे. पण प्रवर्तकाजवळच पंचाहत्तर टक्के भाग असतील, तर ही अट तो एकटा पुरी करू शकतो, हेही विसरून चालणार नाही.

ह्यावर उद्योजकांचा एक आक्षेप असतो आणि तो अगदीच पोकळ नाही. ते म्हणतात, पावलोपावली परवानगी मागावयाची तर धंदा कोणी करावयाचा? धाडस हा उद्योगाचा प्राण आहे. हे आम्हांस मान्य आहे. धंद्यात खोट येणे हा गुन्हा नव्हे, आणि चुकलेल्या अंदाजाबद्दल कोणास फासावर चढवू नये. परंतु धाडस करावयाचे ते उघड्यावर, आणि ज्यांच्या पैशाने करावयाचे त्यांस सांगून. सत्यममध्ये वर्षानुवर्षे लपविली गेली ती खोटच होती. पहिल्याच वर्षी ती सांगितली असती, तर भाव थोडा उतरला असता आणि गोष्ट तेथेच संपली असती.

मग सामान्य भागधारकाने काय करावे? वार्षिक अहवाल घरी आला की रंगीत चित्रे सोडून मागची पाने उघडावी. संबंधित व्यक्तींशी झालेले व्यवहार कोणते, प्रवर्तकांनी आपले शेअर गहाण टाकले आहेत काय, तपासनीसाने मुदतीपूर्वी राजीनामा दिला काय, बँकेत मोठी रोकड असूनही कंपनी कर्ज का काढते, स्वतंत्र संचालक सभांस हजर असतात काय, एवढे पाच प्रश्न विचारावे. त्यासाठी हिशेबशास्त्राची पदवी लागत नाही. मत देण्यासाठी आता मुंबईस जाण्याचेही कारण नाही. घरबसल्या संगणकावर किंवा फोनवर ते देता येते. तरीही बहुतेक जण देत नाहीत, आणि मग ठराव जसाच्या तसा मंजूर होतो.

मंडळावरच्या सज्जनांची सज्जनता आम्ही नाकारीत नाही. परंतु सज्जन माणसालाही विचारणारे कोणी असले म्हणजे सज्जन राहणे सोपे जाते. ते विचारण्याचे काम कायदा, सेबी आणि तपासनीस ह्यांच्यावर सोपवून आपण मोकळे होऊ शकत नाही. कारण पैसा त्यांचा नाही, आपला आहे. पुढचा वार्षिक अहवाल हाती येईल, तेव्हा श्रोत्यांनी ह्या पाच प्रश्नांची आठवण ठेवावी, इतकी विनंती करून आम्ही हा विषय पुरा करतो.