बागेत येणारी मांजरं: मोबाईल अ‍ॅप, अल्ट्रासोनिक मशीन की साधी जाळी? नेमकं काय चालतं?

आईने वाफ्यात मेथी पेरावी, वरून माती सारखी करावी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघावं तर मधोमध खड्डा, दाणे इकडेतिकडे उडालेले आणि बाजूला मांजराची घाण. आमच्या घरी गेल्या हिवाळ्यात हे तीनदा झालं. तिसऱ्या वेळी आईने फिनाईलची बाटली उचलली आणि मी मोबाईल.

अ‍ॅप स्टोअरमध्ये ‘मांजर पळवणारा आवाज’ म्हणून ढीगभर अ‍ॅप मिळतात. एक टाकलं, आवाज फुल्ल केला आणि मोबाईल वाफ्याशेजारी ठेवला. मांजर भिंतीवर बसून निवांत पंजा चाटत होतं. त्याने मान वळवून बघितलंसुद्धा नाही.

अ‍ॅप का चालत नाही?

माणसाला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, तोही लहानपणी. वय वाढतं तशी वरची मर्यादा खाली येते. मांजराला मात्र ६० किलोहर्ट्झच्याही वरचं ऐकू येतं, कारण उंदरांची पिल्लं तिथेच चिवचिवतात. म्हणून मांजर पळवणारी मशीन आपल्याला ऐकू न येणारा, पण मांजराला नकोसा वाटणारा आवाज काढतात. याला अल्ट्रासोनिक म्हणतात.

आता मोबाईलचं बघा. फोनमधला आवाज बहुतेक वेळा सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० नमुन्यांवर चालतो, आणि नियम असा की जितके नमुने, त्याच्या निम्म्या फ्रिक्वेन्सीपर्यंतचाच आवाज काढता येतो. म्हणजे २२ ते २४ किलोहर्ट्झ, संपलं. त्यातही स्पीकर बनवलेला असतो बोलणं आणि गाणी ऐकायला, त्यामुळे वरच्या टोकाला तो अगदीच क्षीण होतो. अ‍ॅपच्या स्क्रीनवर ‘४० किलोहर्ट्झ’ लिहिलेलं असलं तरी बाहेर काही पडत नाही. आणि समजा पडलं, तरी पहाटे पाच वाजता बागेत फोन धरून उभं कोण राहणार?

मग विकत मिळणारं मशीन?

इथे उत्तर ‘थोडंफार’ असं आहे. ब्रिटनमधल्या बागांमध्ये अशा एका मशीनची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन प्रयोगांपैकी एकात मांजर बागेत शिरण्याची शक्यता सुमारे ३२ टक्क्यांनी कमी झाली, दुसऱ्यात ती कमी झालीच नाही. मांजर बागेत थांबण्याचा वेळ मात्र दोन्हींत घटला, ३८ आणि २२ टक्क्यांनी. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात झालेल्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निकाल जास्त चांगला आला: फेऱ्या ४६ टक्क्यांनी कमी, थांबण्याचा वेळ ७८ टक्क्यांनी कमी. म्हणजे मशीन अगदीच फसवं नाही, पण ‘१०० टक्के गॅरंटी’ असं जाहिरातीत लिहिलेलं असेल तर विश्वास ठेवू नका.

घेणारच असाल तर ते कसं चालतं हे माहीत हवं. मशीनवर जो पांढरा, फुगीर प्लास्टिकचा डोळा असतो तो पीआयआर सेन्सर. तो स्वतः काही सोडत नाही, समोरच्या वस्तूंची उष्णता फक्त बघतो. ते फुगीर प्लास्टिक म्हणजे भिंग असतं, ते समोरच्या जागेचे पट्टे पाडतं. गरम अंग एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेलं की सेन्सर जागा होतो आणि आवाज सुरू होतो. त्यामुळे मांजर सरळ मशीनकडे चालत आलं तर उशिरा कळतं, समोरून आडवं गेलं तर लगेच. मशीन लावताना मांजराच्या वाटेला आडवं लावा, वाटेच्या टोकाला नको. दुसरी गोष्ट, मे महिन्यात अकोला-नागपूरकडे भिंतीच इतक्या तापतात की मांजराचं अंग आणि मागची भिंत यांत फारसा फरक उरत नाही. तेव्हा सेन्सरचा पल्ला घटतो.

उंच फ्रिक्वेन्सीचा आवाज झाडीतून नीट जातही नाही. मधे जास्वंदीचं झुडूप असेल तर पलीकडचं मांजर सुखात. आणि निळ्या डोळ्यांची पांढरी मांजरं पुष्कळदा जन्मतः बहिरी असतात, त्यांच्यापुढे काहीच उपाय नाही.

मशीन चालू आहे की बंद हे आपल्या कानांना कळत नाही, तिथे मात्र मोबाईल कामाला येतो. ‘स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर’ प्रकारचं एखादं फुकट अ‍ॅप टाका आणि मशीनसमोर हात हलवा. आवाज २० किलोहर्ट्झच्या आसपास असेल तर आलेखाच्या उजव्या टोकाला उभी रेघ उठलेली दिसेल. त्याहून बराच वरचा असेल तर फोनच्या माईकलाही तो पकडता येणार नाही. घरातल्या लहान मुलांनी ‘कसला तरी किर्र आवाज येतोय’ अशी तक्रार केली तर खोटं समजू नका, त्यांना खरंच ऐकू येत असतो.

हालचाल दिसली की पाण्याचा फवारा मारणारी मशीनही मिळतात. मांजराला ती जास्त झोंबतात. पण आपल्याकडे पाणी गच्चीवरच्या टाकीतून येतं. दहा मीटर उंचीला साधारण एक किलो प्रेशर, म्हणजे दोन मजली घरात खाली एकही किलो मिळत नाही. खोक्यावर किती प्रेशर लागतं ते वाचूनच पैसे टाका.

जुना फोन कपाटातून काढा

मी पैसे खर्च करण्याआधी स्क्रीनला तडा गेलेला जुना फोन खिडकीत ठेवला आणि त्यात सीसीटीव्हीसारखं चालणारं अ‍ॅप टाकलं. अल्फ्रेड वगैरे अशी अ‍ॅप बरीच आहेत. ही अ‍ॅप उष्णता बघत नाहीत, आधीचं चित्र आणि आत्ताचं चित्र यांतला फरक बघतात. म्हणून वाऱ्याने केळीचं पान हललं तरी नोटिफिकेशन येतं. पहिल्या रात्री मला ६३ आली. मग अ‍ॅपमध्ये फक्त वाफ्याचा चौकोन निवडला, संवेदनशीलता कमी केली आणि अंगणातला छोटा बल्ब रात्रभर चालू ठेवला, कारण फोनच्या कॅमेऱ्याला अंधारात दिसत नाही. फोन उन्हात आणि सतत चार्जिंगला ठेवू नका, बॅटरी फुगते. कॅमेऱ्यात शेजाऱ्यांची खिडकी किंवा बाल्कनी येत नाही ना, हेही बघा. मांजरावरून सुरू झालेलं भांडण पोलीस चौकीत जायला नको.

तीन रात्रींत कळलं की येणारी मांजरं दोन. एक शेजारच्या काकूंची माऊ, ती पहाटे पाचच्या सुमारास टाकीच्या झाकणावरून उतरून थेट नव्या वाफ्यात जायची. दुसरा एक दांडगा बोका. तो उकरत नव्हता, तुळशी वृंदावनावर शेपटी उंच करून मुतायचा आणि जायचा.

माऊला आमच्या बागेशी काही घेणंदेणं नव्हतं. तिला कोरडी, भुसभुशीत माती हवी होती, आणि नुकताच पेरलेला वाफा म्हणजे तेच. मग एक इंच भोकांची जाळी वाफ्यावर आडवी अंथरली, कडेला विटा ठेवल्या, माती ओलसर ठेवली. कुंड्यांमध्ये करवंट्यांचे तुकडे आणि लिंबाच्या छाटलेल्या काटक्या खोचल्या. मेथी जाळीतून वर आली, माऊ त्या आठवड्यापासून उकरायला आली नाही. खर्च, एका जाळीचा.

हे मात्र करू नका

आईच्या हातातली बाटली मी काढून घेतली ती याचसाठी. फिनाईल प्रकारची रसायनं मांजराच्या यकृताला पचवता येत नाहीत. पंजाला लागतं, मांजर पंजा चाटतं आणि विष पोटात जातं. डांबर गोळ्यांचंही तेच. १९६० च्या प्राण्यांच्या छळ प्रतिबंधक कायद्याने छळ हा गुन्हा आहे, आणि प्राण्याला मारलं किंवा अपंग केलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ लागतं, पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गेटला लटकवलेल्या निळ्या-लाल पाण्याच्या बाटल्यांनी कुणाला इजा होत नाही, पण मांजरही अडत नाही. आमच्या बोक्याने तर त्या बाटलीवरच पाठ घासली. क्लिप आहे माझ्याकडे.

घाण उचलताना हातमोजे घाला आणि ती रोजच्या रोज उचला. मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी पसरू शकतो, पण बाहेर पडल्यावर संसर्ग होण्याजोगा व्हायला त्याला निदान एक दिवस लागतो. घरात गरोदर बाई असेल तर हे काम तिने करूच नये. त्या वाफ्यातली कोथिंबीर कच्ची खाण्याआधी नीट धुवा.

बोक्याचं मुतणं जाळीने थांबत नाही, त्याला नसबंदी हाच उपाय. डाव्या कानाचं टोक कापलेलं दिसलं तर त्याची झालेली असते, नसेल तर जवळच्या प्राणी संस्थेला फोन करा. आमच्या बोक्याचे दोन्ही कान शाबूत होते.

काकूंना मी क्लिप दाखवली तेव्हा आधी त्या म्हणाल्या, “आमची माऊ असं करणारच नाही.” मग टाकीवरून उतरणारी माऊ बघून हसल्या. आता त्यांच्या मागच्या अंगणात वाळू भरलेलं एक घमेलं आहे, आणि बोक्याला पिंजऱ्यात घालून दवाखान्यात न्यायची तारीखही त्यांनीच घेतली आहे. पुढच्या शनिवारी. पिंजरा धरायला मी जाणार आहे.