शंभर भागिले शून्य

सांगलीच्या गणपती पेठेत दुपारची वेळ थोडी निवांत असते. गिऱ्हाइकांची वर्दळ ओसरलेली असते, हमाल सावलीत विसावलेले असतात आणि शाळा सुटून आलेले मूल गादीवर बसून दुकानातल्या कॅल्क्युलेटरशी चाळा करीत असते. अशा वेळी केव्हातरी ते शंभराला शून्याने भागून पाहते. यंत्र उत्तर देत नाही. पडद्यावर ‘ई’ हे एक अक्षर तेवढे उमटते. मग प्रश्न येतो, ‘आजोबा, शंभर भागिले शून्य किती?’

व्यापारी घरातील आजोबांचे उत्तर बहुधा ठरलेले असते: शंभरच. वाटून घ्यायला कोणी आलेच नाही, तर वाटणी झालीच नाही. रक्कम गल्ल्यात जशीच्या तशी. सायन्सला गेलेला थोरला नातू मध्येच म्हणतो, ‘नाही, उत्तर अनंत.’ शिकवणीच्या सरांनी तिसरेच सांगितलेले असते: असा भागाकार करायचाच नसतो. एवढ्यात गिऱ्हाईक येते, भाव विचारते, आणि विषय तिथेच राहतो.

तो तिथे राहू नये, असे वाटण्यासारखा हा विषय आहे. कारण आजोबांच्या बाजूने साक्ष देणारा कोणी साधासुधा मनुष्य नाही. इ.स. ८५० च्या सुमारास राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग याच्या राजवटीत होऊन गेलेले थोर जैन गणिती महावीराचार्य यांनी आपल्या ‘गणितसारसंग्रह’ या ग्रंथात नेमके हेच लिहून ठेवले आहे: शून्याने भागलेली संख्या बदलत नाही. अमोघवर्षाची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातील मालखेड. सातारा आणि सांगलीचा मुलूखही तेव्हा राष्ट्रकूटांच्याच अमलाखाली होता. ग्रंथाच्या आरंभी या राजाची प्रशस्ती आहे, आणि लौकिक तसेच धार्मिक अशा सर्व व्यवहारांत गणिताचा उपयोग कसा होतो, याचे मोठे प्रेमाने केलेले वर्णनही आहे.

आचार्यांचे उत्तर आज चूक मानले जाते. ते चूक का, हे समजून घ्यायला मात्र कॉलेजचे पुस्तक लागत नाही, दुकानातील तागडी पुरते.

भागाकाराचे दोन अर्थ आहेत, आणि व्यापाऱ्याला ते दोन्ही रोज लागतात. पहिला वाटणीचा. शंभर रुपये चार भावांत वाटले, तर प्रत्येकी पंचवीस. दुसरा भरणीचा. शंभर किलो हळदीची पूड अर्ध्या किलोच्या पुड्यांत भरली, तर पुडे होतात २००. पाव किलोच्या पुड्यांत ४००. शंभर ग्रॅमच्या पुड्यांत १०००. दहा ग्रॅमच्या पुड्यांत १०,०००. पुडा जसजसा लहान होतो, तसतशी पुड्यांची संख्या वाढत जाते. आता प्रत्येक पुड्यात शून्य ग्रॅम भरायचे ठरले, तर? रिकामे पुडे कितीही बांधा, पोत्यातील हळद कणभरही कमी होणार नाही आणि काम कधीच संपणार नाही. महावीराचार्यांच्या डोळ्यांसमोर वाटणी असावी. नातवाच्या डोळ्यांसमोर भरणी आहे. प्रश्न एकच, पण दोघे दोन निरनिराळ्या व्यवहारांविषयी बोलत आहेत. घरातील बरेच वाद याच जातीचे असतात.

महावीराचार्यांपूर्वी, इ.स. ६२८ मध्ये, ब्रह्मगुप्ताने शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य असे म्हटले होते. त्यांच्यानंतर तीनशे वर्षांनी, ११५० मध्ये, भास्कराचार्यांनी शून्य हा ज्याचा छेद आहे अशा राशीला ‘खहर’ हे नाव दिले आणि ती अनंत मानली. नातवाचे उत्तर ते हेच. पण त्यालाही जिंकल्याचा आनंद फार वेळ घेता येत नाही. ऋण संख्यांच्या बाजूने शून्याकडे सरकत गेले, तर तोच भागाकार उलट दिशेने, ऋण अनंताकडे धावू लागतो. दोन्ही बाजूंनी एक उत्तर येत नाही. शेवटी निकाल लागतो तो जुन्या मुनिमाच्या पद्धतीने, म्हणजे ताळ्याने. भागाकाराचा ताळा गुणाकाराने घ्यायचा. शंभर भागिले शून्य म्हणजे शंभर असेल, तर शंभर गुणिले शून्य म्हणजे शंभर यायला हवे. आणि शून्याने गुणले की शून्यच येते, हे महावीराचार्यांनीच सांगितलेले आहे. दुसरी कोणतीही संख्या घेतली, तरी ताळा जमत नाही. म्हणून यंत्र ‘ई’ दाखवते. शिकवणीचे सर बरोबर होते. फक्त ‘का’ एवढे सांगायचे राहून गेले होते.

आचार्यांची ही चूक झाकून ठेवण्याची काही गरज नाही. ऋण संख्या ही स्वभावतःच वर्ग असू शकत नाही, म्हणून तिला वर्गमूळ नाही, हे त्यांनी तितक्याच स्पष्टपणे नोंदवले आहे, आणि व्यवहारातील संख्यांपुरते ते आजही खरे आहे. ज्याने प्रश्नच विचारला नाही, त्याचे उत्तर चुकत नाही. जैन परंपरेत स्वाध्यायाचे पाच प्रकार सांगितले आहेत आणि त्यांतला दुसरा ‘पृच्छना’ आहे, म्हणजे विचारणे. वाचनानंतर लगेच विचारणे येते. प्रवचनानंतरच्या शंकासमाधानाला आपली मंडळी आवर्जून थांबतात. पण घरातल्या मुलाने गणितातली शंका काढली की ‘तुझ्या पोर्शनमध्ये आहे का ते? मग सोड’ हे उत्तर आज सर्रास ऐकू येते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी तोंडपाठ असलेली पिढी गादीवर बसून व्याजाचे आकडे मोठ्याने बोलत असे, आणि शेजारी बसलेले मूल ते ऐकत ऐकत शिकत असे. आता हिशेब संगणकात गेला आणि गणित शिकवणीत गेले. दोन्हींत लाभ आहेच. मात्र घरात मोठ्याने उच्चारले जाणारे गणित त्यामुळे जवळजवळ बंद पडले, आणि ही हानी ताळेबंदात कुठे दिसत नाही.

‘गणितसारसंग्रह’ हा अशा मोठ्याने बोलण्याच्या गणिताचाच ग्रंथ आहे. त्रैराशिक, व्याज, भागीदारीतील नफ्याची वाटणी, निरनिराळ्या कसाच्या सोन्याचे मिश्रण, सगळे विषय पेढीवरचे. मद्रासला एम. रंगाचार्य यांनी १९१२ मध्ये तो इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध केला. सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेने १९६३ मध्ये लक्ष्मीचंद्र जैन यांच्या हिंदी अनुवादासह तो काढला. म्हणजे ग्रंथ आपल्या दाराशी येऊन साठ वर्षे उलटली.

त्यातले एक उदाहरण रात्री जेवणानंतर घरात मांडून पाहण्यासारखे आहे. तीन व्यापारी वाटेने चालले असताना त्यांना पडलेली एक थैली दिसते. पहिला म्हणतो, ही थैली मला मिळाली, तर माझ्याजवळ तुम्हा दोघांच्या एकूण रकमेच्या दुप्पट होईल. दुसरा म्हणतो, मला मिळाली तर तुम्हा दोघांच्या तिप्पट. तिसरा म्हणतो, मला मिळाली तर पाचपट. तर प्रत्येकाजवळ किती होते आणि थैलीत किती? उत्तर या लेखाच्या अखेरीस आहे. तेथे डोळा टाकण्याआधी कागद-पेन्सिल घेतलेली बरी.

आचार्यांना आकड्यांच्या सौंदर्याचीही आवड होती. १३९ ला १०९ ने गुणले की १५१५१ येतात. १५२२०७ ला ७३ ने गुणले की आठ एक ओळीने उभे राहतात, ११११११११. आणि २७९९४६८१ ला ४४१ ने गुणले की १२३४५६५४३२१. डावीकडून वाचा किंवा उजवीकडून, संख्या तीच. अशा संख्यांना त्यांनी गळ्यातील कंठाभरणाची उपमा दिली आहे.

यांतली शेवटची संख्या अकराशे वर्षांनी एका मराठी शाळामास्तरांच्या वहीत पुन्हा सापडते, आणि हे वाचताना कोणालाही सुखद धक्का बसेल. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ मध्ये डहाणूला झाला. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकून त्यांनी देवळालीच्या शाळेत १९६२ पर्यंत शिकवले. मोठी पदवी नाही, विद्यापीठातील आसन नाही. पण संख्यांशी खेळण्याचे वेड असे की लोकांनी हसावे आणि यांनी त्याकडे लक्ष देऊ नये. १२१, १२३२१ अशा चढून उतरणाऱ्या संख्यांना त्यांनी ‘डेम्लो संख्या’ म्हटले. डोंबिवली स्थानकाच्या जुन्या नावावरून, कारण ही कल्पना त्यांना तेथे गाडी बदलताना सुचली. १२३४५६५४३२१ ही १११११११ ची नव्हे, तर सहा एकांच्या, १११११ नंतरच्या १११११ १ अशा, म्हणजेच १,११,१११ या संख्येचा वर्ग आहे. महावीराचार्यांचा कंठा आणि कापरेकरांची डेम्लो संख्या एकच.

कापरेकरांचे नाव जगभर गेले ते मात्र ६१७४ मुळे. ही संख्या त्यांनी १९४९ मध्ये दाखवली, आणि १९७५ मध्ये अमेरिकेतील मार्टिन गार्डनर यांनी आपल्या सदरात तिच्याविषयी लिहिल्यावर ती सर्वत्र पोचली. तिची गंमत साताऱ्याहून सांगलीला जाताना गाडीतही अनुभवता येते. समोरच्या वाहनाची पाटी पाहावी, एम.एच. ११ असो की एम.एच. १०, शेवटचे चार आकडे घ्यावेत. चारही एकसारखे नसले म्हणजे झाले. समजा ३५२४. ते उतरत्या क्रमाने मांडून, त्यातून चढता क्रम वजा करायचा: ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. पुन्हा तेच: ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. पुन्हा: ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आता कितीही वेळा करा, ६१७४ च येत राहते. कोणतीही पाटी असो, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत मुक्काम हाच. कराड येईपर्यंत मागच्या सीटवरचे भांडण थांबते, हा वेगळा लाभ.

सातारा जिल्ह्यातील फलटणला तर या विषयाचा ठेवा धातूवर कोरलेला आहे. आचार्य शांतिसागर महाराजांच्या प्रेरणेने धवलादी सिद्धांतग्रंथ ताम्रपटांवर कोरले गेले आणि ते फलटणला जपले आहेत. दर्शनाला जाणारे भक्तिभावाने नमस्कार करतात. त्या पत्र्यांवर गणितही आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. वीरसेनाचार्यांनी इ.स. ८१६ च्या सुमारास पूर्ण केलेल्या ‘धवला’ टीकेत ‘अर्धच्छेद’ ही संकल्पना येते. एखादी संख्या किती वेळा निम्मी केली की एक उरतो, ते तिचे अर्धच्छेद. सोळाचे चार, बत्तिसाचे पाच. आजचे गणित याला दोन या पायाचा लॉगॅरिदम म्हणते. जत्रेच्या कुस्त्यांत हे चटकन कळते. ६४ मल्ल उतरले आणि प्रत्येक फेरीत हरणारा बाद होत गेला, तर अंतिम विजेता ठरेपर्यंत फेऱ्या किती? चौसष्टाचे अर्धच्छेद सहा, म्हणून सहा. आणि एकूण कुस्त्या किती? येथे पुष्कळजण ३२, १६, ८ अशी बेरीज करू लागतात. एखादे चुणचुणीत पोर मात्र चटकन सांगते, ‘त्रेसष्ट.’ प्रत्येक कुस्तीत एकच हरतो, आणि विजेता सोडून सगळ्यांना एकदा हरायचे आहे.

प्रश्न नेहमी आकड्यांचेच असतात असे नाही. सांगलीजवळच्या हरिपूरला हळद साठवण्याची जमिनीखालची पेवे होती; २००५ च्या महापुरात त्यांतील बरीच निकामी झाली. ‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार वापरणाऱ्या कितीतरी मुलांनी पेव पाहिलेलेच नाही. पेव उघडल्याबरोबर कोणी आत उतरत नसे. काही तास हवा खेळू देत. का? तोंड बंद झाल्यावर आतील प्राणवायू हळूहळू संपत जातो आणि जड असलेला कर्बवायू तळाशी साचतो. माणसाला जे घातक, तेच किडीलाही. म्हणून हळद दीर्घकाळ टिके. एवढे ऐकून मूल हमखास विचारते, ‘म्हणजे आत किडे मरत होते?’ हा प्रश्न विज्ञानाचा की धर्माचा, हे ठरवणे मोठ्यांनाही सोपे नाही. तो टाळू मात्र नये.

आता थैली. पहिल्या व्यापाऱ्याजवळ १, दुसऱ्याजवळ ३, तिसऱ्याजवळ ५ आणि थैलीत १५. ताळा घ्यावा: १ आणि १५ मिळून १६, ते ३ अधिक ५ च्या दुप्पट, ३ आणि १५ मिळून १८, ते ६ च्या तिप्पट, ५ आणि १५ मिळून २०, ते ४ च्या पाचपट. २, ६, १० आणि ३० हेही बरोबर आहे; सगळ्या रकमा एकाच पटीत वाढवल्या तरी चालते, म्हणून घरात दोन उत्तरे आली तर दोघांचेही ऐकून घ्यावे. बहुतेक घरांत एक आज्जी अशीही निघेल की जी हिशेबात शिरणारच नाही. न दिलेली वस्तू उचलणे म्हणजे अदत्तादान. थैली ज्याची आहे त्याला शोधून परत द्या, एवढेच ती सांगेल. तीन व्यापाऱ्यांनी पुढे काय केले, ते आचार्यांनी लिहिलेले नाही.