गुन्हा कबूल करण्यापूर्वी

सिरसाळा पोलीस ठाण्यातला किरकोळ गुन्हा परळीच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जातो, गंभीर खटला अंबाजोगाईच्या सत्र न्यायालयात. जुगार असो, दारू असो की बांधावरची मारामारी, आरोप वाचून दाखवल्यावर प्रश्न येतो: गुन्हा कबूल आहे का? त्याचे उत्तर आरोपीचे स्वतःचे आणि समजून दिलेले हवे.

होकार का दिला जातो

दसरा-दिवाळीनंतर या भागातली कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला जातात. फडावरून परळीची तारीख गाठायची तर मजुरी बुडते, एसटीचे भाडे लागते. न जावे तर वॉरंट निघते. मग कोणीतरी सांगतो, ‘कबूल कर, दंड भर, मोकळा हो.’ जामीनदार न मिळाल्याने कोठडीत राहिलेल्याला तर हा सल्ला सुटकेसारखाच वाटतो. मारहाण किंवा धमकी नसली तरी ही सक्तीच आहे, असे माझे ठाम मत आहे. जो निर्दोष आहे त्याने केवळ खेपा वाचवण्यासाठी दोष पत्करावा, ही व्यवस्थेची लाजिरवाणी बाजू आहे.

यावर एक सरळ मार्ग आहे. वकिलामार्फत गैरहजेरी माफीचा अर्ज देता येतो. न्यायालयाने तो मंजूर केला तर प्रत्येक तारखेला स्वतः यावे लागत नाही.

शब्द आरोपीचेच हवेत

1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. किरकोळ गुन्ह्यांच्या समन्स खटल्यात कलम 274 नुसार आरोपाचा तपशील आरोपीला सांगावा लागतो. कलम 275 म्हणते की कबुली शक्य तितकी त्याच्याच शब्दांत लिहावी. तिच्यावरून दोषी ठरवायचे की नाही, हे दंडाधिकाऱ्यांनी विवेकाने ठरवावे.

या ‘त्याच्याच शब्दांत’ला फार महत्त्व आहे. ‘ढकलले साहेब, पण आधी त्याने काठी उगारली,’ हे गुन्ह्याची कबुली देणे नव्हे. त्यात स्वसंरक्षणाचा बचाव आहे. कागदावर नुसते ‘गुन्हा कबूल’ उमटले की तो बचाव पुसला जातो. महंत कौशल्य दास खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच नियमाच्या पालनाचा आग्रह धरला होता.

पोलिसांपुढे दिलेली कबुली वेगळी. ती आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून सिद्ध करता येत नाही.

कसाबच्या खटल्यात

20 जुलै 2009 रोजी आर्थर रोड तुरुंगातल्या विशेष न्यायालयात मुंबईवरील दहशतवादी हल्ल्यातला आरोपी अजमल कसाब याने अचानक कबुली दिली. न्यायाधीश एम. एल. टहलियानी यांनी ती नोंदवली, पण सगळे आरोप त्याने मान्य केले नसल्याने खटला चालू ठेवला. डिसेंबरमध्ये कसाबने कबुली फिरवली. 3 मे 2010 रोजी तो दोषी ठरला, तेव्हा न्यायालयापुढे साक्षीपुराव्यांचा मोठा साठा होता.

शिक्षेची तडजोड

मुरलीधर मेघराज लोया विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा खटला खुरासणीच्या तेलातल्या भेसळीचा. कबुली देऊन सौम्य शिक्षा मिळवण्याच्या प्रकारावर न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी 1976 मध्ये कडक टीका केली. पुढे 2006 पासून संसदेच्या कायद्याने अशी तडजोड, म्हणजे प्ली बार्गेनिंग, मर्यादित गुन्ह्यांत रीतसर आली. सात वर्षांपेक्षा जास्त शिक्षेचे, तसेच महिला आणि मुलांविरुद्धचे गुन्हे तीत बसत नाहीत. अर्ज स्वेच्छेने केला आहे का, हे पाहण्यासाठी न्यायाधीश आरोपीला बंद दाराआड, दुसऱ्या पक्षाला बाहेर ठेवून विचारतात. साध्या कबुलीच्या वेळीही असा एकांत द्यायला हवा.

दंड भरल्यानंतर

दंडाची पावती मिळाली तरी दोषसिद्धी नोंदीत राहते. पोलीस भरती किंवा सरकारी नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत ती पुढे येते. कबुलीवरून दोषी ठरल्यावर अपीलही साधारणपणे शिक्षा किती आणि कायदेशीर आहे का, एवढ्यापुरतेच उरते. गुन्हा खरोखर घडला असेल आणि कबुली द्यायचीच असेल, तर 1958 च्या परिवीक्षा कायद्याचा लाभ मागावा. चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर त्या कायद्याखाली सोडले, तर दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही.

वकील मागायचा कसा

तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा किंवा 15100 वर फोन करावा. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीतल्या व्यक्ती यांना मोफत वकिलासाठी उत्पन्नाची अट नाही. न्यायालयात उभे असतानाही सांगता येते: ‘साहेब, आरोप नीट समजला नाही. मला वकील हवा, तोवर उत्तर द्यायचे नाही.’