कंटेनर पुन्हा केव्हा उठवावा : रीस्टार्ट धोरणांचा मागोवा

बंद पडलेला प्रोग्राम आपोआप पुन्हा सुरू करण्याची सोय कंटेनरांपेक्षा बरीच जुनी आहे. युनिक्सच्या सिस्टिम फाइव्ह शाखेत ‘इनिटटॅब’ फाइलमध्ये ‘रिस्पॉन’ अशी नोंद असलेली प्रक्रिया संपताच ‘इनिट’ ती पुन्हा उभी करी. लिनक्सवर दोन मिनिटांत दहापेक्षा अधिक वेळा कोसळणारी प्रक्रिया पाच मिनिटे बाजूला ठेवली जाई. एरिक्सन कंपनीत घडलेल्या अर्लांग या प्रोग्रामिंग भाषेने त्यात कारणाचा विचार आणला : ‘परमनंट’ प्रक्रिया नेहमी उठवायची, ‘ट्रान्झियंट’ बिघाडाने संपली तरच, ‘टेम्पररी’ कधीच नाही.

प्रोग्राम वेगळ्या कप्प्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारे डॉकर २०१३ मध्ये जगासमोर आले. सुरुवातीला यंत्र पुन्हा चालू झाल्यावर आधीचे कंटेनर सरसकट उठवले जात. ऑगस्ट २०१४ च्या १.२ आवृत्तीने प्रत्येक कंटेनरला स्वतःचे धोरण दिले. ‘नो’ म्हणजे उठवू नये; ‘ऑन-फेल्युअर’ म्हणजे प्रोग्राम शून्याखेरीज दुसरा निर्गम संकेत देऊन संपला तरच उठवावे, हवे तर ठरावीक वेळाच; ‘ऑलवेज’ म्हणजे कारण न पाहता उठवावे. दोन प्रयत्नांमधला अवकाश १०० मिलिसेकंदांपासून दुपटीने वाढतो.

कंटेनर माणसाने मुद्दाम थांबवला असेल तर काय, हा प्रश्न उरला होता. त्याचे उत्तर २०१५ च्या १.९ आवृत्तीतल्या ‘अनलेस-स्टॉप्ड’ने दिले. अजिंठा लेणी सोमवारी बंद असतात. समजा, पायथ्याच्या फर्दापुरातल्या एखाद्या लॉजवाल्याने त्या दिवशी लेणीसहलीच्या नोंदणीचा कंटेनर हाताने थांबवला, आणि दुपारी वीज जाऊन आली. धोरण ‘ऑलवेज’ असेल, तर संगणकाबरोबर डॉकर सुरू होताच तो कंटेनरही उठेल आणि बंदच्या दिवशी नोंदणी उघडेल. ‘अनलेस-स्टॉप्ड’ असेल, तर मालक स्वतः सुरू करेपर्यंत तो बंदच राहील.

जुलै २०१५ मध्ये कंटेनरांचे व्यवस्थापन करणाऱ्या कुबरनेटिसची १.० आवृत्ती आली. त्यात ‘ऑलवेज’, ‘ऑन-फेल्युअर’ आणि ‘नेव्हर’ हे पर्याय संपूर्ण पॉडला, म्हणजे एकत्र चालणाऱ्या कंटेनरांच्या गटाला, लागू होत. वारंवार कोसळणाऱ्या कंटेनरसाठी १०, २०, ४० सेकंद अशी प्रतीक्षा पाच मिनिटांपर्यंत वाढते. दहा मिनिटे सुरळीत चालल्यास ती पूर्ववत होते. या प्रतीक्षेत दिसणारे ‘क्रॅशलूपबॅकऑफ’ हे बिघाडाचे कारण नव्हे. ते नोंदींतच शोधावे लागते.

चालू दिसणारा पण गोठलेला प्रोग्राम मात्र या धोरणांना दिसत नाही, कारण प्रक्रिया संपलेलीच नसते. त्यासाठी आरोग्य तपासणी लागते. डॉकरमध्ये ती २०१६ च्या १.१२ आवृत्तीत आली. पण डॉकर एकटे असताना कंटेनरवर ‘अनहेल्दी’ असा शिक्का मारते, उठवत नाही. कुबरनेटिसची ‘लाइव्हनेस’ चाचणी फसली, तर कंटेनर मारला जातो आणि पुढचे धोरण ठरवते.

ऑगस्ट २०२३ मधल्या १.२८ आवृत्तीपासून कुबरनेटिसने पॉडमधल्या साहाय्यक कंटेनरांना स्वतंत्र ‘ऑलवेज’ देण्याची सोय प्रायोगिक स्वरूपात आणली. २०२५ च्या १.३३ आवृत्तीत ती स्थिर झाली. त्यामुळे मुख्य काम एकदाच चालून संपणारे असले, तरी शेजारचा नोंदी गोळा करणारा कंटेनर मध्येच पडल्यास पुन्हा उभा राहतो, आणि काम संपल्यावर त्याच्यापायी पॉड अडून राहत नाही.